‘उसकी रोटी’ आणि कंटाळ्याचा प्रश्न

मणि कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या चित्रपटाविषयी गेली पन्नासहून अधिक वर्षे दोनच मते ठामपणे मांडली जातात. भारतीय चित्रपटातील तो एक मूलगामी रूपप्रयोग आहे, हे एक. आणि तो असह्य कंटाळवाणा आहे, हे दुसरे. ही दोन्ही मते आम्हाला वर्गातही भेटतात. पहिल्या मताचे लोक दुसऱ्यांना अरसिक ठरवतात, दुसरे पहिल्यांना दांभिक म्हणतात आणि चर्चा तेथेच थांबते. आम्हाला मात्र या वादातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘कंटाळा’ हाच वाटतो. समीक्षेने त्याला बगल देऊ नये, असे आमचे म्हणणे आहे.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्याकडे शिकलेल्या कौल यांनी पंचविशीच्या सुमारास केलेला हा पहिला कथापट. आधार मोहन राकेश यांच्या त्याच नावाच्या हिंदी कथेचा. पंजाबातील बालो बसचालक नवऱ्यासाठी, सुच्चासिंगसाठी, रोटी घेऊन रस्त्यावर उभी राहते. एके दिवशी तिच्या धाकट्या बहिणीची, जिंदाची, गावातला जंगी छेड काढतो. त्या गडबडीत बालोला उशीर होतो. सुच्चासिंग संतापून रोटी न घेताच बस पुढे नेतो आणि ती तिथेच थांबून राहते. कथानक म्हणावे ते एवढेच.

राकेश यांची कथा बालोच्या मनातील भीती शब्दांत सांगते आणि वाचकाला तिच्या जवळ नेते. कौल ही वाट जाणूनबुजून बंद करतात. पात्रे भावहीन, सपाट स्वरात बोलतात. हात, पीठ, रस्ता यांवर कॅमेरा रेंगाळतो. समोर दिसते ते घडते आहे की बालोच्या मनात चालले आहे, हेही खात्रीने सांगता येत नाही. २८ आणि १३५ मिलिमीटर अशा दोन भिंगांपैकी एक प्रत्यक्षासाठी व दुसरे कल्पितासाठी वापरायचे आणि पुढे हा नियम स्वतःच उलटवायचा, अशी कौल यांची योजना होती. रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा प्रभाव येथे स्पष्ट आहे.

याच सुमारास फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या साहाय्याने मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आणि बासू चटर्जी यांचा ‘सारा आकाश’ हे चित्रपट झाले. तिन्हींचे छायालेखक के. के. महाजनच. त्या दोघांना प्रेक्षक लाभला. ‘उसकी रोटी’ला १९७१ मध्ये फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, पण चित्रपटगृहे मिळाली नाहीत. सत्यजित राय यांनी ‘अवर फिल्म्स, देअर फिल्म्स’ (१९७६) या संग्रहातील लेखांत या नव्या प्रवाहाविषयी परखड शंका नोंदवल्या. त्याच वर्षी संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने कॉर्पोरेशनच्या धोरणावर टीका केली. लोकांच्या पैशातून लोकांना न भिडणारे चित्रपट का काढायचे, हा प्रश्न कुत्सितपणे विचारला गेला असेल. पण तो गैरलागू नव्हता.

तरीही आम्ही या चित्रपटाची बाजू घेऊ. रूढ चित्रपटात वाट पाहणे कसे दाखवतात? भिंतीवरचे घड्याळ, एखादे विरहगीत, मावळता सूर्य. दोन मिनिटांत दिवस संपतो. या युक्त्या प्रेक्षकाचा वेळ वाचवतात, पण वाचवलेला तो वेळ त्या बाईच्या आयुष्यातला असतो. कौल यांनी तो परत पडद्यावर आणला. आपल्याला ज्याचा कंटाळा येतो, ते बालो रोज करते. तिचा सपाट स्वरही असंख्य वेळा उच्चारून झिजलेल्या वाक्यांचा स्वर आहे. येथे शैली हा आशयावर चढवलेला अलंकार उरत नाही.

मात्र या समर्थनालाही मर्यादा आहे. अमृता शेरगिल यांच्या चित्रांची आठवण करून देणाऱ्या या चौकटींत बालो इतकी रेखीव दिसते, की तिचा राग कुठे गेला असा प्रश्न पडावा. जिंदावरचा प्रसंगही पीठ मळण्याच्याच संथ लयीत येतो. हा संयम की अलिप्तपणा? येथे आम्हा दोघांत एकमत नाही. अशा घरांत अशा गोष्टी याच लयीत गिळल्या जातात, असे एकाला वाटते. शैलीने स्वतःची एकतानता राखण्यासाठी एका मुलीचा आक्रोश वापरून टाकला, असे दुसऱ्याला. चित्रपटावरचा हा खरा गंभीर आक्षेप आहे, आणि नेमका तोच क्वचित ऐकू येतो. कारण ‘समजला नाही’ आणि ‘तुम्हाला दृष्टीच नाही’ या दोन वाक्यांतच वाद संपून जातो.

मराठी नवकवितेवरचा दुर्बोधतेचा वाद शिकवणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. प्रश्नपत्रिकेत ‘आशय’ आणि ‘अभिव्यक्ती’ यांना वेगवेगळे गुण देणाऱ्या आपल्या पद्धतीने विद्यार्थ्यांनाही त्यांची फारकत करायलाच शिकवले. मग ‘आशय छोटा, अभिव्यक्ती लांब’ असा निकाल त्यांनी दिला तर दोष कोणाचा?

म्हणून ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला लाजवू नये. कंटाळा नेमका कोणत्या क्षणी आला आणि तेव्हा बालो काय करत होती, एवढे त्याला विचारावे. ‘नुसती उभी होती’ असे उत्तर बहुधा येईल. समीक्षेचा तास तेथून सुरू करता येतो.