समुद्र पाहायला निघताना

अहमदपुरातून जाणाऱ्या महामार्गाला आपण सारे नागपूर-रत्नागिरी रस्ता म्हणतो. लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असे टप्पे घेत तो थेट समुद्रापर्यंत पोहोचतो. तरीही सत्तरी ओलांडलेल्या आपल्याकडील कित्येकांचा प्रवास तुळजापूर किंवा पंढरपूर येथेच थांबलेला असतो. आता नातवंडे नोकरीला लागली, दारात गाडी आली आणि दिवाळी उलटली की ‘आजी-आजोबांना समुद्र दाखवू’ असे बेत घरोघरी होऊ लागले आहेत. मालवण, वेंगुर्ले, मग गोव्याची सीमा असा चार-पाच दिवसांचा कार्यक्रम माझ्यासमोर मांडला जातो आणि विचारणा होते, “डॉक्टरसाहेब, नेऊ का?” बहुतेक वेळा माझे उत्तर ‘अवश्य न्या’ असेच असते.

मात्र त्यानंतरचा प्रश्न मी तरुणांना नव्हे, तर आजींना विचारतो: प्रवासाच्या दिवशी सकाळची लघवीची गोळी घेणार आहात का? आजी बहुधा उत्तर देत नाहीत. पदर सावरून सुनेकडे पाहतात. गोळी घेतली की तासाभरात दोन-तीनदा जावे लागते, रस्त्यात स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, आणि जावयाला किंवा नातवाला ‘गाडी थांबव’ म्हणण्याचा संकोच वाटतो. म्हणून गोळी गुपचूप पिशवीतच राहते. पाणीही घोटभरच प्यायले जाते. घरातील कोणालाही याचा पत्ता लागत नाही.

या संकोचाची किंमत मोठी आहे. ज्यांचे हृदय अशक्त आहे, त्यांच्या शरीरात गोळी बुडवल्यावर मीठ आणि पाणी साठू लागते. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री उशा उंच केल्याशिवाय झोप येत नाही, आणि ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेही दुर्लक्षिले जाते. उलट गोळी घेतली पण पाणी टाळले, तर रक्तदाब उतरतो, उठताना भोवळ येते आणि अनोळखी खोलीत रात्री पाय घसरतो. त्यातच गाडीत बसून गुडघे दुखले म्हणून वेदनाशामक गोळी घेतली जाते. लघवीची गोळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, वेदनाशामक आणि पाण्याची कमतरता हे एकत्र आले की मूत्रपिंडांवर ताण येतो आणि क्वचित ती काही दिवसांत निकामीही होऊ शकतात. सहलीहून परतल्यावर ‘लघवी कमी होते’ म्हणून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांनी वेगळे काही केलेले नव्हते. फक्त चार दिवस कोणाला त्रास दिलेला नव्हता.

उपाय सोपा आहे, पण निघण्याआधी करावा लागतो. लघवीची गोळी सकाळऐवजी मुक्कामी पोहोचल्यावर, दुपारी घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. पुष्कळांच्या बाबतीत वेळ बदलता येते, गोळी सोडता येत नाही. रक्तदाबाच्या एकाच गोळीत लघवीचे औषधही मिसळलेले असू शकते, म्हणून सगळी पाकिटे दाखवा. किती पाणी प्यायचे तेही विचारा. हृदयरुग्णांसाठी त्याचे प्रमाण वेगळे असते. काळजी घेणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ‘थांबायचे का?’ असे विचारू नका. त्याचे उत्तर नेहमी ‘नको’ असेच येते. दर दीड-दोन तासांनी स्वच्छ हॉटेल पाहून गाडी थांबवा आणि स्वतः आधी उतरा. त्यामुळे पायही मोकळे होतील.

अहमदपूर ते कोल्हापूर हे अंतर चारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी त्यापुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापुरात मुक्काम करावा, सकाळी अंबाबाईचे दर्शन घ्यावे आणि मग दिवसाउजेडी घाट उतरावा. एका दमात मालवण गाठल्याचा अभिमान चालकाला असतो. मागच्या आसनावरील कंबरेला नसतो. घाटात मळमळ होते म्हणून दुकानातून उलटीची गोळी परस्पर घेऊ नका. त्यांपैकी काही गोळ्यांनी वृद्धांना भ्रम होतो, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते.

किनाऱ्यावरचा उकाडा आपल्या उन्हाळ्यासारखा नसतो. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होते. कोकणातील दमट हवेत तो अंगावरच राहतो, त्यामुळे तापमानाचा आकडा लहान दिसला तरी थकवा लवकर येतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. तेव्हाही दुपारी बारा ते चार विश्रांती घ्यावी. इन्सुलिन गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवू नये, आणि बर्फाला चिकटवूनही नाही.

मालवणात प्रत्येकाला सिंधुदुर्ग किल्ल्यात जायचे असते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याची उभारणी सुरू केली. तेथे होडीतून जावे लागते आणि हलत्या होडीत चढणे-उतरणे हेच खरे अवघड काम असते. ज्यांचा तोल जातो किंवा गुडघा वाकत नाही, त्यांना आग्रह करू नका. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. किल्ल्याच्या उभारणीपूर्वी महाराजांनी येथे पूजा केली असे सांगितले जाते. तेथून किल्ला समोर दिसतो. आजींना तेथे बसवावे आणि एकाने सोबत थांबावे. रेडीचा गणपती मात्र चुकवू नका. १९७६ मध्ये खाणीत सापडलेली ती द्विभुज मूर्ती पाहून आपल्याकडील माणसे हरखून जातात.

या पट्ट्यात द्राक्षांची वाइन नव्हे, तर काजूच्या बोंडांपासून बनणारी पेये प्रसिद्ध आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘फळाचीच तर आहे, औषधी असते’ असे सांगून आजोबांच्या हातात पेला दिला जातो. बोंडांचा रस आंबवून तो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातित केला जातो. तयार फेणी व्हिस्कीइतकी तीव्र असते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी मद्य घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मग घाम, बडबड, झोकांडी ही लक्षणे पाहून ‘चढली’ असे समजून सारे हसतात आणि माणूस बेशुद्धीकडे जातो. झोपेच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तरी नकोच. जाता जाता, गोव्यातील बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे.

त्याऐवजी कोकम प्यावे, पण तेही जाणून. बाजारातील कोकम सरबत साखरेचे असते. ‘मग बिनसाखरेचे आगळ द्या’ असे मधुमेही म्हणतात. परंतु आगळ मिठात टिकवलेले असते आणि सोलकढीही बहुधा त्याचीच बनते. हृदयरुग्णाने ती वाटीभरच घ्यावी, वाडगाभर नव्हे. घावन, आंबोळी, उसळ आपल्या पोटाला सहज मानवते. कोळंबी आयुष्यात प्रथमच खाणार असाल तर दोन घासांवर थांबून पाहा.

औषधांची यादी मराठीत लिहून आजोबांच्या खिशात आणि एका तरुणाच्या मोबाइलमध्ये ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रात आणि गोव्यातही चालतो. सिंधुदुर्गाचे जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, आणि सीमेपलीकडे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरी परतल्यावर हृदयरुग्णाचे वजन करा. निघतानापेक्षा दोन किलोंनी वाढलेले असेल, किंवा रात्री धाप लागत असेल, तर लगेच दाखवा. पुढील तीन-चार आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर तेल लावून चोळत बसू नका; त्याच दिवशी दवाखान्यात या.