नानांचं लिंबू

गेल्या अंकात या पानाचा खाडा झाला, त्याबद्दल आधी माफी. आम्ही मायलेकी मस्कतला होतो, अम्मी-अब्बांकडे. आमच्या कुंड्यांतल्या मेथीचं पुढं काय झालं, असं दोघी-तिघींनी विचारलं होतं. ती शेजारच्या भाभींनी भाजी करून खाल्ली. वाया गेली नाही, अलहम्दुलिल्लाह. आता मस्कतचं सांगते.

आमची छोटी सव्वादोन वर्षांची. नानांना ती रोज भेटते, पण मोबाईलमध्ये. मगरिबनंतर फोन वाजला की ‘नाना, नाना’ करत धावते, पडद्याला पापा देते, बिस्कीट भरवते. मला वाटलं होतं, विमानतळावर बघताक्षणी त्यांच्या अंगावर झेप घेईल. झालं उलटंच. आम्ही बाहेर आलो तर अब्बा समोर हात पसरून उभे. छोटीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि माझ्या पर्समधला मोबाईल ओढत म्हणाली, “नाना दे.” तिचे नाना तिथं होते. हे उंच, पांढऱ्या दाढीचे, अत्तराचा वास येणारे गृहस्थ कोण, ते तिला कळेना.

अब्बा हसले. “बरोबर आहे तिचं. मोबाईलमध्ये मी एवढा मोठा कुठं असतो?” पण गाडीत बसल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही गप्प होते. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं. फक्त तेव्हा लपलेली मुलगी मी होते.

अब्बा 1987 साली मस्कतला गेले. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी. मी तीन वर्षांची असताना ते आले, तेव्हा मी म्हणे दाराआड उभी राहून अम्मीला विचारलं होतं, हा पाहुणा कधी जाणार? घरात हा किस्सा हसून सांगतात. कोकणातल्या किती घरांत हाच किस्सा सांगत असतील! आम्हाला बॅग ओळखीची असायची, बाप नाही. बॅगेत काय असतं ते पाठ होतं: साबण, दुधाची पावडर, टँगचा डबा, अम्मीसाठी कापड. सुट्टी संपत आली की अब्बा परसात एखादी नारळी लावायचे आणि निघून जायचे. पाणी घालायचं काम अम्मीचं आणि आमचं. आम्हा भावंडांची लग्नं झाल्यावर अम्मी त्यांच्याकडे गेली, त्यालाही आता आठ वर्षं होतील.

प्रवासाचं थोडक्यात सांगते, कारण विचारणाऱ्या बऱ्याच असतील. मूल दोन वर्षांचं झालं की विमानात मांडीवर चालत नाही, त्याची वेगळी सीट घ्यावी लागते. जायचं ठरत असेल तर दोन पूर्ण व्हायच्या आत जा, पैसे वाचतील. आमचे वाचले नाहीत. विमान वर चढताना आणि उतरताना बाळाला काहीतरी प्यायला द्या, कान दुखत नाहीत. बाकी मुंबई ते मस्कत अडीच-तीन तास. चिपळूणहून मुंबईचा विमानतळ गाठायला त्याच्या दुप्पट वेळ लागला आणि छोटीनं उलटी केली ती माणगावला.

पहिल्या दिवशी ती नानांकडे गेलीच नाही. नानीकडे गेली, कारण नानीच्या हातात घावणे होते. रात्री अब्बा नुसते दारात उभे राहून तिला झोपलेली बघत होते. मी म्हटलं, “येईल हळूहळू.” ते म्हणाले, “हं.”

दुसऱ्या दिवशी घड्याळानं काम केलं. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागं. घरी साडेसहाला उठणारी पोर तिथं पाचलाच टक्क जागी! अम्मी आणि मी डोळे चोळतोय तोवर ती खोलीबाहेर. आवाज आला तो पाण्याचा. अब्बा फजरसाठी वजू करत होते. नळाखाली प्लास्टिकचं टब ठेवलेलं, पाणी त्यात साठत होतं. छोटी उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. पाण्यापुढं कसली ओळख आणि कसली भीड!

नमाजनंतर अब्बांनी ते टब उचललं, मागचं दार उघडलं आणि तिच्याकडे न बघताच एक छोटा मग खाली ठेवून दिला. तिनं तो उचलला आणि त्यांच्या मागून गेली.

अम्मी-अब्बांचं घर रूवीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. मागं जेमतेम दोन खाटा मावतील एवढी फरसबंद जागा. तिथं अब्बांनी रंगाचे डबे, तेलाचे डबे आणि अर्धी कापलेली निळी पिंपं मांडून बाग केलीय. पुदिना, मिरची, कढीपत्ता, अम्मीच्या हट्टापायी अळू, एक मोगरा. आणि मधोमध सर्वांत मोठ्या पिंपात लिंबाचं झाड, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. तिथलं ऊन म्हणजे आपला मे महिना काहीच नाही, असं असतं. उन्हाळ्यात ते झाडांवर हिरवी जाळी बांधतात आणि असरनंतरही फरशी तापलेली असते म्हणून डब्यांखाली लाकडाच्या पट्ट्या ठेवतात. त्यांचा हंगाम आपल्या उलट. पाऊस नाहीच, म्हणून ऑक्टोबरात ऊन उतरलं की पेरायचं. मस्कतला नळाचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं, तेव्हा ते ओतून देणं अब्बांच्या जिवावर येतं. वजूच्या पाण्यात साबण नसतो. दोघांचं पाच वेळचं पाणी बागेला पुरतं.

छोटीनं पहिला मग पुदिन्याला घातला, दुसरा भिंतीला, तिसरा नानांच्या पायांवर. अब्बांनी पाय हलवला नाही. “अजून?” म्हणाले. तिनं अजून घातलं. मग तिनं दोन हिरवी, सुपारीएवढी लिंबं तोडली. मी ओरडणार तोच अब्बांनी हात वर केला. “असू दे गं. झाडाला नाही राग येत.”

मी आत आले. खरं सांगायचं तर मला रडू आलं आणि ते फक्त आनंदाचं नव्हतं. मी अम्मीला म्हणाले, “आमच्या पायांवर कधी असं पाणी घालून घेतलं नाही त्यांनी.” अम्मी चहा गाळत होती. वर न बघता म्हणाली, “त्यांना तरी कुठं मिळालं? तुझं लहानपण तुझ्याजवळ तरी आहे. त्यांच्याजवळ फक्त फोटो.” अम्मी अशी बोलते आणि साखर किती घालू विचारते.

त्या दिवसापासून आम्ही कुणीच नव्हतो. नाना आणि पाणी, एवढंच. मी तेवीस दिवस राहिले, त्यातले फजरनंतरचे तास त्या दोघांचे.

एका शुक्रवारी आम्ही निझवाला गेलो. मस्कतहून गाडीनं दीड-दोन तास. किल्ला आणि बाजार इतरांनी बराच लिहिलाय. मला फलज बघायचा होता. डोंगराच्या पोटातलं पाणी बांधीव पाटानं गावापर्यंत आणायचं, मोटार नाही, पंप नाही, फक्त उतार. निझवाजवळचा फलज दारिस हा त्यातला मोठा. 2006 साली युनेस्कोनं ओमानचे पाच फलज जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हाही आहे. पाणी आधी पिण्याला, मशिदीला. मग खजुरीच्या बागांना पाळीपाळीनं. पूर्वी ही पाळी दिवसा सावली मोजून आणि रात्री तारे बघून ठरवायचे. अब्बा म्हणाले, “आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून भांडणं व्हायची ना, तशी इथंही होत असणार. माणसं तीच.”

छोटीला वारशाशी देणंघेणं नव्हतं. तिनं पाय पाण्यात सोडले आणि एक चप्पल सोडून दिली. चप्पल निघाली खजुरीच्या दिशेनं. सत्तरीच्या घरातले माझे अब्बा लुंगी सावरत पाटाच्या कडेनं धावले! पुढं एका ओमानी पोरानं ती पकडली आणि हसत हसत आणून दिली. छोटीनं शुक्रान म्हणण्याऐवजी दुसरीही सोडली.

परतताना गाडीत ती झोपली होती. तेव्हा अब्बांनी सांगितलं. कंपनीनं कळवलंय, करार आता वाढणार नाही. नोकरी संपली की तिथलं राहणंही संपतं. मे महिन्यात कायमचं गावी. अम्मीला माहीत होतं, मला समोर बसवून सांगायचं म्हणून थांबले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लगेच हिशेब सुरू झाले. गावचं घर आठ वर्षं बंद आहे. अब्बांना गुडघा, अम्मीला शुगर. मोहल्ल्यात त्यांच्या बरोबरीचे किती उरलेत? अडतीस वर्षं ज्या गावाला ते सुट्टीपुरते आले, तिथं रोज सकाळी उठून काय करणार? आखातातून परत आलेल्या माणसांना घरचेच थोडे दिवसांनी म्हणतात, “नुसते बसून असतात.” मी हे माझ्या कानांनी ऐकलंय आणि एकदा म्हटलंयही, दुसऱ्यांच्या वडिलांबद्दल.

“मला लिंबाची काळजी आहे,” अब्बा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हते. बारा वर्षांचं झाड. आणायचं म्हटलं तर माती परदेशातून भारतात आणायला मनाई आहे, रोपाला परवाना आणि तपासणी लागते. आणि लागायलाच हवी, हे तेच मला समजावत होते. ओमानमध्ये लिंबाला विचेस ब्रूम नावाचा रोग आहे, फांद्यांच्या टोकांना झाडूसारखे बारीक पाल्याचे झुपके येतात आणि काही वर्षांत झाड वाळून जातं. तुडतुड्यांनी पसरतो. बाटिना किनाऱ्यावरच्या बागाच्या बागा त्यात गेल्या. “माझं झाड चांगलं आहे, मी रोज बघतो. पण मी बघतो म्हणून कायदा कसा बदलेल?”

मग त्यांनी गुटी बांधायला घेतल्या. बोटाएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, तिथं ओला कोकोपीट दाबून बसवायचा, वरून प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकं करकचून बांधायची. दोनेक महिन्यांत आत मुळं दिसली की त्याखाली कापायचं. कोकोपीटच्या पाकिटावर लिहिलेलं होतं, भारतात तयार झालेला. अब्बांना त्याची फार गंमत वाटली. छोटीचं काम सुतळी धरणं. ती धरायची, सोडायची, खायची.

सात गुटी बांधल्या. वरच्या मजल्यावरच्या केरळी नर्सबाईंना एक, कोपऱ्यावरच्या पाकिस्तानी शिंप्याला एक, इमारतीच्या बांगलादेशी वॉचमनला एक, अशी यादी अम्मीनं फ्रिजवर लावली. वॉचमन म्हणाला, माझंही काय भरवसा, मीही जाईनच कधीतरी. अब्बा म्हणाले, तोवर घाल पाणी. झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी सदका असतो, ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. अब्बांनी त्या वेळी ती काही सांगितली नाही. ते गाठ मारत होते.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी मला विचारलं, “आपल्या परसातल्या नारळी किती?”

“अकरा. दोन वादळात गेल्या.”

“मी लावल्या तेरा. त्यांचं पाणी मी किती वेळा प्यालो असेन?” स्वतःच बोटं मोजली. “माझ्या सुट्ट्या मोजल्या तर काही नाही ते.” मग म्हणाले, “पाडणारा अजून येतो ना तो?”

विमानतळावर छोटी रडली नाही. नानांना सलाम कर म्हटल्यावर तिनं त्यांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, “पाणी संपलं.” रडायचं काम आम्ही मोठ्यांनी केलं.

चिपळूणला आल्यावर तिनं तिसऱ्याच दिवशी माझा पुदिना बुडवला. मगरिबनंतर फोन आला, तर आता ती पडद्याला बिस्कीट भरवत नाही. फोन घेऊन थेट गॅलरीत जाते आणि कुंडीवर धरते. परवा अब्बा तिकडून ओरडत होते, “अगं तिला थांबव, मुळं कुजतील! आणि कुंडीला भोक आहे का खाली?”

नव्हतं. मी खिळा तापवून पाडलं.

तिकिटं 19 मेची निघालीत. गावच्या घराची कौलं त्याआधी परतून घ्यायचीत, माणूस सांगून ठेवलाय. बाजारात एका दुकानदाराकडे निळं पिंप बघून आले. अर्धं कापून देतो म्हणाला. अब्बांना फोटो पाठवला तर लगेच उत्तर आलं, भोकं बुडाला नको, बाजूनं दोन बोटं वर पाडायला सांग, आणि लिंबाचं रोप मी आल्याशिवाय घेऊ नकोस, तू बघून घेणार नाहीस.