‘जिंकलेले’ पैसे मागायचे कोणाकडे?

मोबाइलवर आकडा दिसतो : शिल्लक १ लाख ४० हजार. काढायला गेलात की केवायसी अपूर्ण. ती पूर्ण केली की बोनसच्या अटी निघतात, आधी आणखी इतक्या रकमेचे डाव खेळा. तेही खेळलात, तर एकाच घरातून दोन खाती उघडल्याचा ठपका. शेवटी निरोप येतो, ‘आयकर आधी भरा, मग रक्कम सुटेल.’ रोशन गेटकडचा एक बी.कॉम.चा विद्यार्थी माझ्याकडे आला तो इथवर पोहोचून. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून २२ हजार पाठवू का, एवढेच त्याला विचारायचे होते.

मी सरळ नाही म्हणालो. हा ३० टक्के कर जिंकलेल्या रकमेतूनच कापायचा असतो आणि तो कापण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची आहे. वेगळे पैसे मागितले की समजावे, सापळा आहे.

‘मग कोर्टात जातो,’ तो म्हणाला. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्याच जालना रोडवर आहे, शहरात वकिलांची वानवा नाही. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करारच रद्दबातल ठरतो आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. (घोड्यांच्या शर्यतीतल्या ५०० रुपयांच्या वरच्या बक्षिसाला तेवढी सूट, साहेबांच्या शौकाची काळजी घेतलेली दिसते.) खुद्द ब्रिटनमध्ये २००७ पासून असा दावा चालतो. बेटफ्रेड या कंपनीने सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाचे कारण देऊन एका ग्राहकाचे १७ लाख पौंड अडवले होते. २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने निकाल ग्राहकाच्या बाजूने दिला. आपल्याकडे तो रस्ता नाही. आणि असता, तरी कुरासाव बेटावरचा परवाना दाखवणाऱ्या कंपनीला समन्स कुठे बजावणार?

सरकारचेही वागणे सरळ नव्हते. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांवर २८ टक्के जीएसटी लावला, क्रिकेटपटूंच्या जाहिराती चालू दिल्या. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले. टेलिग्रामवरच्या लिंका थांबलेल्या नाहीत.

नागपूरचे जुलै २०२३ मधले प्रकरण आठवा. एका व्यापाऱ्याला सुरुवातीला जिंकवत नेले, सुमारे ५ कोटी मिळाले आणि ५८ कोटी गेले. पैसे परत मागितल्यावर नकार मिळाला, म्हणून तो पोलिसांत गेला. गोंदियातल्या संशयिताच्या घरातून सुमारे १४ कोटींची रोकड आणि ४ किलो सोने जप्त झाले. तक्रार होती ती बनावट ॲपवर फसवल्याची, जिंकलेली रक्कम मिळवून देण्याची नव्हे. हा फरक नीट ध्यानात ठेवा. पडद्यावरचा आकडा विसरा. तुमच्या खात्यातून जे खरोखर गेले त्याची तक्रार १९३० या क्रमांकावर करा, तीही लगेच, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येतो. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट पुसू नका.

पण आपली पोरे तक्रारच करत नाहीत. जुगार हराम आहे हे मक्तबात जाणाऱ्या लहानग्यालाही ठाऊक, म्हणून अब्बांना सांगता येत नाही, इमामसाहेबांना तर नाहीच. या शरमेवर ॲपवाल्यांचा धंदा चालतो. हराम ते हरामच. तरी फसलेल्याला आधी झापून मग ऐकायचे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत मला पटत नाही. झापाझापी आटोपेपर्यंत पैसा चार खाती पुढे गेलेला असतो.

हरलेले भरून काढायला यातल्याच काहींना पुढची ऑफर येते : तुझे बँक खाते आणि सिम दे, महिन्याला कमिशन घे. त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे लुटलेले पैसे फिरतात, आणि पोलीस सर्वात आधी खातेदाराच्याच दारात येतात. खाते दिले असेल तर आजच बँकेला लेखी कळवून ते बंद करा आणि वकील सोबत घेऊन शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. एकट्याने जायची हिंमत होत नसेल तर आम्हाला कळवा, आमच्यातले कोणीतरी बरोबर येईल.