आधी कागदावर चार चौकटी, मग वेबसाइट

वेबसाइटच्या कोटेशनमध्ये 'लिंक्ड डेटा', 'सेमँटिक वेब' असे शब्द दिसले की काही जण घाबरतात, काही जण न विचारता पैसे देऊन मोकळे होतात. माझं मत स्पष्ट आहे. धंद्याचं डेटा मॉडेल मालकाने स्वतः करावं, तेही कागदावर. कोड नंतर कोणीही लिहून देईल. तुमचा माल काय आहे, हे मात्र त्या मुलाला ठाऊक नसतं.

डेटा मॉडेल म्हणजे आपल्या धंद्यात कोणकोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, एवढंच.

समजा तुम्ही मसाले करता. बिलावर 'गोडा मसाला 200', व्हॉट्सअॅप कॅटलॉगमध्ये 'स्पेशल गोडा', वेबसाइटवर इंग्रजीत तिसरंच नाव. गिऱ्हाइकाला कळतं की माल एकच. मशीनला ते तीन वेगळे माल वाटू शकतात.

आता कागदावर चार चौकटी काढा: मसाला, पाकीट, भाव, बॅच. मग एकेक माहिती विचारा, तू कुणाची? घटक पदार्थ मसाल्याचे. वजन आणि बारकोड पाकिटाचे. 200 ग्रॅमला एक नंबर, 500 ग्रॅमला दुसरा. (भारतात दिलेले हे नंबर 890 ने सुरू होतात, पाहिलं असेलच.) एक्स्पायरी बॅचची. आणि भाव? तो मालाचा गुण नाही, तो विक्रीचा आहे. दुकानदाराला वेगळा, ऑनलाइन वेगळा, दिवाळीला आणखी वेगळा. बहुतेकांचं एक्सेल इथेच फसतं, कारण सगळं एकाच ओळीत कोंबलेलं असतं. उद्या मिरचीचा एक लॉट खराब निघाला, तर कुठली पाकिटं परत मागवायची? ओळीत बॅच नसेल तर सगळीच मागवावी लागतील. छोट्या धंद्याला तो फटका झेपत नाही.

मग यात लिंक्ड डेटा कुठे आला? टिम बर्नर्स-ली यांनी 2006 मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे: प्रत्येक गोष्टीला वेबवरचा एक पत्ता नाव म्हणून द्या आणि तो पत्ता दुसऱ्या गोष्टींना जोडा. म्हणून प्रत्येक मालाचं पान कायमचं ठेवा. पत्त्यात 'दिवाळी-ऑफर' असं काही घालू नका, दिवाळी संपते.

चौकटींची नावंही स्वतः शोधायची गरज नाही. 2011 मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा शब्दसंग्रह सुरू केला. त्यात शेकडो प्रकार आहेत, पण आपल्याला पुरतात तीन: 'प्रॉडक्ट', 'ऑफर' आणि 'ऑर्गनायझेशन'. बॅच आपल्या रजिस्टरमध्येच राहू द्या, जगाला दाखवायची गरज नाही. हे सगळं पानात जेसन-एलडी नावाच्या छोट्या तुकड्यात बसतं. फक्त पानावर दिसणारा भाव आणि त्या तुकड्यातला भाव एकच हवा.

यातून गूगलवर पहिला नंबर मिळतो का? नाही. भाव, स्टॉक ही माहिती शोधात उठून दिसण्याची शक्यता वाढते, पण खात्री खुद्द गूगलही देत नाही. एखादा एजंट देत असेल तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

आणि 'संपूर्ण ऑन्टॉलॉजी बनवून देतो' म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. पाच मालांच्या धंद्याला पन्नास चौकटी कशाला? नवीन चौकट तेव्हाच काढा, जेव्हा एखादी माहिती जुन्या चौकटीत बसतच नाही. उदाहरणार्थ, तुम्ही बचत गटाकडून हळद घ्यायला लागलात आणि कुठली हळद कुठल्या बॅचमध्ये गेली हे ठेवायचंय, तेव्हा 'पुरवठादार' काढा.

पुढच्या वेळी कोटेशन येईल तेव्हा हा कागद समोर ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा: भाव बदलला तर किती ठिकाणी बदलावा लागेल? आणि उद्या वेबसाइटवाला बदलला, तर माझ्या मालाचे पत्ते तेच राहतील ना?