आठव्याचं बाळ नशिबानं मरत नाही

"आठव्याचं होतं, जगत नसतंच." मयतीला गेले तेव्हा बाळाच्या आजीनं मला हेच सांगितलं. शेजारच्या बायांनी माना हलवल्या. सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, ही समजूत आपल्या घराघरात आहे. बुद्ध विहारात वंदना घेणाऱ्या घरातही आहे.

बाळाची आई वीटभट्टीवर काम करणारी. संध्याकाळी सहाच्या सुमारास कळा सुरू झाल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे तपासलं आणि 'रेफर' लिहून चिठ्ठी हातात दिली. गाडीची वाट पाहण्यात आणि प्रवासात रात्र गेली. मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी बाळंतपण झालं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. मी चिठ्ठी पाहिली. वेळ नव्हती, कुठल्या औषधाचं नाव नव्हतं. तिच्या पिशवीत मात्र तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा कागद होता. त्या हिशोबाने बत्तीस आठवडे भरले होते. कळा सुरू झाल्यापासून बाळ जन्मेपर्यंत अठरा तास मिळाले होते. त्या अठरा तासांत एक इंजेक्शन द्यायचं राहून गेलं.

ते इंजेक्शन डेक्सामेथासोनचं. हे स्टेरॉईड आहे आणि ते काही रुपयांत मिळतं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुफ्फुसं कच्ची असतात. श्वास सोडला की आतले बारीक फुगे मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. आईला दिलेलं स्टेरॉईड वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि ही फुफ्फुसं लवकर तयार करतं. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही कमी करतं.

हे ज्ञान नवं नाही. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर संशोधन करत होते. जगणार नाही इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू स्टेरॉईडमुळे श्वास घेतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी २८२ मातांवर चाचणी केली. तिचा निष्कर्ष १९७२ साली छापून आला. तरीही अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ परिषदेला हा उपचार सर्रास वापरा असं सांगायला १९९४ उजाडलं. श्रीमंत देशांनाच बावीस वर्षं लागली, तर आपल्या वस्तीची पाळी कधी येणार?

आपल्याकडे २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, असे ४ डोस. बाईला पुढे पाठवायचं असेल तर पहिला डोस देऊन पाठवायचं, आणि तो एएनएम सिस्टरही देऊ शकते. हा सरकारचाच कागद आहे. म्हणून 'पेशंट उशिरा आली', 'बायका अडाणी असतात' ही उत्तरं मी ऐकून घेणार नाही. ही बाई वेळेत आली होती आणि कागद सोबत घेऊन आली होती.

इंजेक्शन दिलं असतं तर बाळ नक्की जगलं असतं, असा दावा मी करत नाही. पण जगण्याची जी संधी त्याच्या हक्काची होती, ती कुणी तपासलीही नाही. याला नशीब म्हणायचं?

आता आपल्याच माणसांशी भांडण. या बाळाबद्दल मी बोलले तेव्हा चळवळीतल्या एका तरुणाने मला सुनावलं, "ताई, स्टेरॉईड म्हणजे विष. आपल्या बायकांवर प्रयोग चाललेत." ही भीती उगाच आलेली नाही. पण भीतीलाही पुरावा विचारायला आपण बाबासाहेबांकडून शिकलो आहोत. तर पुरावा पाहू.

हेच इंजेक्शन खेड्यापाड्यात पोचवण्याची एक मोठी चाचणी सहा देशांत झाली. त्यात भारतातून बेळगाव आणि आपलं नागपूर होतं. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला आणि तो धक्कादायक होता. जिथे ही मोहीम राबवली, तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे साडेतीन बाळं जास्त दगावली. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. ज्यांना इंजेक्शन मिळालं त्यातल्या बहुतेक बायकांची बाळं फार लहान निघालीच नाहीत, म्हणजे त्यांना त्याची गरज नव्हती. तारीख माहीत नसेल तिथे पोटावर टेप लावून महिने ठरवले होते. आणि लवकर जन्मलेल्या बाळाला सांभाळणारी यंत्रणा अनेक ठिकाणी जवळपास नव्हती.

दुसरी चाचणी जागतिक आरोग्य संघटनेची, २०२० सालची. भारतासह पाच देशांतली २९ रुग्णालयं आणि २८५२ माता. औषध तेच, डोस तेवढाच. पण महिने सोनोग्राफीने ठरवलेले आणि बाळाची काळजी घेणारी रुग्णालयं निवडलेली. इंजेक्शन मिळालेल्या गटात २८ दिवसांच्या आत शंभरातली १९.६ बाळं गेली. न मिळालेल्या गटात २३.५. म्हणजे साधारण पंचवीस बायकांमागे एक बाळ वाचलं.

औषध एकच होतं आणि निकाल दोन आले. फरक पडला तो व्यवस्थेमुळे. म्हणून 'विष आहे' म्हणणाराही चुकतो आणि 'सुई टोचली, काम झालं' म्हणणारा अधिकारीही चुकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अटी स्पष्ट आहेत: महिने नक्की माहीत हवेत, आईला जंतुसंसर्ग नको, सात दिवसांत बाळंतपण होण्याची दाट शक्यता हवी, आणि आई-बाळ दोघांची नीट काळजी घेणारी जागा हवी. शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेलेल्या बाईला या गोष्टी मागाव्या लागत नाहीत. भट्टीवरच्या, उसाच्या फडातल्या, तांड्यावरच्या बाईला त्यातली एकेक झगडून मिळवावी लागते. जात आणि वर्ग दवाखान्याच्या दारात चपलेसारखे काढून ठेवता येत नाहीत.

२०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली. ती कुणाच्या घरात जन्मली आणि कुणाच्या घरात मेली, हे आपण विचारणार की नाही? बाबासाहेब आणि रमाईंनी आपली चार लेकरं गमावली. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं की बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. आईचं पोट हा राजकीय प्रश्न आहे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आपण मात्र जयंतीला डीजे ठरवतो आणि आरोग्य केंद्राची पायरी चढत नाही.

तेव्हा कामाचं बोलू. वस्तीतल्या प्रत्येक गरोदर बाईच्या कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आहे का, ते पाहा. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी तपासणी मोफत असते, तिथे सोबत जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा: डेक्सामेथासोन आहे का, रेफर करण्याआधी पहिला डोस देता का, त्याची वेळ चिठ्ठीवर लिहिता का? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात किती खाटा, किती परिचारिका, आग लागली तर काय व्यवस्था, हेही विचारा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्यात अशाच कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, हे विसरू नका.

आणि घरात कुणी "आठव्याचं जगत नसतं" म्हणालं, तर गप्प बसू नका. कारणाशिवाय काहीच घडत नाही, हे बुद्धाने शिकवलं. त्या बाळाच्या मरणालाही कारण आहे. ते शोधायचं आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यापासून बजेट ठरवणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला विचारायचं.

जय भीम. जय संविधान.