एका तासात दोन तालमी

कार्डिओ आधी की वजने आधी? छत्रपती संभाजीनगरच्या कोणत्याही जिममध्ये हा प्रश्न कानावर पडतोच, आणि तो ट्रेडमिलबरोबरच शहरात आला असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर दम आणि ताकद यांची सांगड कशी घालायची, हा दख्खनच्या पैलवानांचा फार जुना व्याप आहे. नवी आहे ती घाई.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. त्यातल्या मल्लविनोदात पैलवानांच्या मेहनतीचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत: वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. मल्लखांबाचा पहिला उल्लेख म्हणून अभ्यासक याच स्तंभश्रमाकडे बोट दाखवतात. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. १९५६पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात नांदत होते, तेव्हा हा वारसा काही परका नव्हे.

तालमींनीही मेहनत वाटूनच घेतली. पहाटे उठून पळायचे, मग लाल मातीत लढती. नंतर थंडाई, खुराक आणि दुपारची गाढ झोप. जोर-बैठका आणि दोर चढणे संध्याकाळी. आधी काय, नंतर काय, यावर वस्तादाला डोके खाजवावे लागत नसे, कारण मध्ये अख्खी दुपार पडलेली होती. ती दुपार फुकट मात्र नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवान पोसले, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, म्हणून तिथे कुस्ती बहरली. निवांतपणाचे बिल दरबार भरत होता.

पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये आपल्याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, झाली आणि दिनकर दह्यारी यांनी ती जिंकली. पुढे हे शहर वाढले ते चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांवर. पाळी सुटल्यावर माणसाच्या हाती उरतो जेमतेम तास. दोन मेहनती त्या तासात कोंबल्या गेल्या आणि आधी-नंतरचा वाद सुरू झाला.

या वादात विज्ञान उतरले १९८० मध्ये. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे तीन गटांकडून व्यायाम करून घेतला: एक ताकदीचा, एक दमाचा, तिसरा दोन्हींचा. तिसऱ्या गटाची पायांची ताकद सातेक आठवडे वाढली, मग थबकली आणि शेवटी घसरली. दमाला मात्र धक्का लागला नाही. ‘कार्डिओने मसल जातो’ ही जिममधली भीती बरीचशी इथली. पण त्या गटाचा रतीब पाहा: आठवड्यात पाच दिवस ताकद, सहा दिवस दम, तेही जीव तोडून. आपला जिमवाला आठवड्यात चार दिवस येतो आणि त्यातला एक लग्नसराईत जातो. त्याने हिक्सनला भिण्याचे कारण नाही.

नंतरची संशोधने सौम्य आहेत. एकाच सत्रात दोन्ही करायचे तर वजने आधी घेतल्यास पायांची ताकद थोडी जास्त वाढते. दमात किंवा स्नायूंच्या आकारात क्रमाने फारसा फरक पडत नाही. २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात मार बसलेला दिसला तो झटक्यात लावायच्या ताकदीला, विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात उरकले तेव्हा.

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात घाम गाळणाऱ्या पोलीस भरतीच्या पोरांना हे जास्त लागू आहे. मुलांच्या मैदानी चाचणीचे गुण ५०. त्यातले १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. म्हणजे ३५ गुण पळण्याचे. या पोरांनी ताज्या पायांनी आधी पळावे, यात दुमत नको. पण ७.२६० किलोचा गोळा मानेशी टेकवून फेकताना जोर पायांतूनच वर येतो. सोळाशे मीटर पळून लटपटणाऱ्या पायांनी तो जवळच पडतो. गोळ्याचा सराव संध्याकाळवर टाकावा.

आणि गोगाबाबा टेकडीवर रोज सकाळी चढणारी पन्नाशीपुढची मंडळी? त्यांचा प्रश्न क्रमाचा नाहीच, कारण त्यांतले बरेच जण वजनाला हातच लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम दमाचा व्यायाम सांगितला आणि सोबत किमान दोन दिवस ताकदीचा. आधी-नंतरची अट त्यात नाही. टेकडी उतरल्यावर दहा बैठका माराव्यात. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठाबशा चालतील. महापालिकेनेही उद्यानांतल्या ओपन जिममध्ये झुलत्या यंत्रांच्या जोडीला सिंगल बार, डबल बार आणि जोर मारण्यापुरता सावलीतला ओटा द्यावा. त्या यंत्रांवर वजन वाढवता येत नाही. बारवर निदान स्वतःचे तरी उचलावे लागते.