धोक्याची घंटा कोणाचे ऐकते?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागांत दिवसभर कुलूप लागलेली घरे काही थोडी नाहीत. मोठी माणसे सकाळची लोकल पकडतात, मुले शाळेत जातात. गणपतीत तर कितीतरी कुटुंबे आठ-दहा दिवस कोकणात असतात. म्हणून काही घरांत, दुकानांत आणि शाळांच्या संगणक कक्षांत दाराशेजारी आकड्यांच्या कळांचा एक लहानसा फलक दिसतो. चोराची सूचना देणाऱ्या घंटेचा हा कळफलक होय. कारागीर येतो, यंत्र बसवतो, चार आकडे सांगतो आणि जातो. पुढे त्या फलकातील ‘मेनू’, म्हणजे हुकुमांची यादी, घरातले कोणी उघडूनही पाहत नाही. ही यादी घरच्या माणसांनी समजून घेतलीच पाहिजे आणि शाळेने त्यांना त्यासाठी मदत केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही यादी काही जादूची नाही. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेत ऑगस्टस पोप यांना विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट मिळाले. दार उघडले की विद्युत् मंडल पूर्ण होई आणि विद्युत्-चुंबकाच्या ओढीने घंटेवर टोले पडत. पण अशा मंडलाची तार आधीच तोडली तर घंटा मुकीच राहणार! म्हणून उलट रचना आली. दार बंद असताना प्रवाह चालू ठेवायचा आणि तो थांबला की घंटा वाजवायची. आज दारावर चुंबक आणि चौकटीवर रीड स्विच असतो, तो याच तत्त्वावर. आता तार तोडून भागत नाही. पण कोणी दोन तारा मध्येच एकमेकींना जोडल्या तर? त्यावर उपाय म्हणून तारेच्या शेवटच्या टोकाशी, समजा, ५.६ किलोओहमचा रोधक बसवतात. रोध शून्यावर आला किंवा अनंत झाला, तरी यंत्राला ते कळते. मेनूत ‘झोन’ या सदराखाली एन.ओ., एन.सी., ई.ओ.एल. अशी अक्षरे दिसतात, ती अनुक्रमे याच तीन रचनांची नावे आहेत. नववी-दहावीचा विद्यार्थी ही ओळ सहज वाचू शकतो.

आता संकेतांकांकडे वळू. बहुधा यंत्रात एक संकेतांक बसवणाऱ्याचा व एक मालकाचा असतो. नवे यंत्र येते तेव्हा अनेकदा दोन्ही कारखान्यातूनच ठरलेले असतात आणि माहितीपुस्तिकेत छापलेलेही असतात. ते बदलले नाहीत, तर घंटा आपली असली तरी ती ऐकणार त्या पुस्तिकेच्या कोणाही वाचकाचे! चार आकड्यांचे १०,००० संकेतांक होतात. एका प्रयत्नाला ५ सेकंद धरले, तर सगळे तपासायला सुमारे १४ तास लागतील. शिवाय काही चुकीच्या प्रयत्नांनंतर फलक थोडा वेळ बंद करण्याची सोयही मेनूत बहुधा असते. पण तुम्ही घरातल्या कोणाचे जन्मवर्ष संकेतांक म्हणून ठेवलेत, तर १०,००० चे जेमतेम १०० उरतात. संकेतांक वर्षानुवर्षे तोच राहिला आणि चार कळा झिजून चकचकीत झाल्या, तर उरतात फक्त २४. तीनच कळा झिजल्या असतील, तर शक्यता कमी की जास्त? कागद घेऊन मोजा; उत्तर ३६ येईल. ते का, हे गणिताच्या तासाला विचारा.

दुसरी महत्त्वाची ओळ विलंबाची. दार उघडल्यावर घंटा बंद करण्यासाठी जो अवधी मिळतो, तो बऱ्याच वेळा ३० सेकंदांचा ठेवलेला असतो. आजीला पिशवी खाली ठेवून, चष्मा लावून फलकापर्यंत जायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. ४० सेकंद लागत असतील, तर यंत्र बरोबर असूनही नेमणूक चुकली आहे. घंटा तीनदा विनाकारण वाजली की चौथ्यांदा शेजारी बाहेर डोकावत नाहीत. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. मात्र हा विलंब मुख्य दारालाच हवा. खिडकीतून घरचे माणूस येत नाही, तेव्हा खिडकीला तो शून्यच बरा.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे कारागिराचे काम आहे. तारा आणि बॅटरी हे त्याचे काम खरेच. पण संकेतांक, विलंब आणि सूचना कोणत्या फोनवर जावी, हे निर्णय घरच्यांचे आहेत. कारागिराला निघण्यापूर्वी ते समोर करून दाखवायला सांगा आणि बदल करण्यापूर्वी जुनी नोंद उतरवून ठेवा.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्वांना शिकवले तर चोरही शिकतील. याचे उत्तर ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच गुप्त लेखनासंबंधी देऊन ठेवले आहे. त्यांच्या मते यंत्राची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालावे; गुप्त ठेवायची ती किल्ली. कुलूप कसे चालते हे सर्वांना माहीत असते, तरी आपण कुलूप लावतोच ना? अज्ञानाने चोर अडत नाही. अडतो तो फक्त घरमालक.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, त्यांनी प्रयोगशाळेत एक तास यासाठी द्यावा. बॅटरी, दिवा, रीड स्विच, चुंबक, रोधक आणि विद्युत्-धारामापक एवढे साहित्य पुरे. विद्यार्थ्यांनी मग आपल्या घरच्या मेनूचे मराठीत एक पान तयार करावे. कोणती ओळ काय करते आणि ती कशी बदलायची, एवढेच त्यात असावे. ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर संकेतांक मात्र लिहू नका.